हवा खाऊन जगणारा प्राणी : घोयरा पाळण्याचा इतिहास

१/
सन १६७२. पॅरिसमध्ये मादलेन द स्क्युदेरी या ख्यातनाम लेखिकेच्या घरी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून एक विलक्षण भेट येऊन पोहोचली : जिवंत घोयरे. लेखिकेचे वय तेव्हा पासष्टीच्या घरात होते. भूमध्य समुद्र ओलांडून आलेले ते नाजूक जीव पाहताच त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला असेल, तोच आजही प्रत्येक नवशिक्या पाळणाऱ्यापुढे उभा राहतो. याला खायला काय द्यायचे? याला जगवायचे कसे?

२/
या प्रश्नाचे एक उत्तर त्या काळी दीड हजार वर्षांहून जुने होते आणि थोर ग्रंथांत नोंदलेलेही होते. काहीच देऊ नका. हा प्राणी हवेवर जगतो!

आजच्या धाग्यात या उत्तराचा इतिहास पाहू. घोयरा पाळणाऱ्यांना आज जे प्राथमिक नियम सांगितले जातात, ते कोणा एका विद्वानाला सुचलेले नाहीत. बहुतेक नियमांमागे एखादी जुनी चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत प्राण्यांनी मोजलेली आहे.

३/
आधी नावाचा गोंधळ दूर करू. मराठीत आपण सरसकट 'सरडा' म्हणतो. कुंपणावर बसून मान डोलावणारा, ज्याची धाव कुंपणापर्यंत असते तो बागेतला सरडा निराळा. घोयरा, म्हणजेच शॅमेलिऑन, त्याचा दूरचा नातलग. एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरणारे दोन डोळे, चिमट्यासारखी दुभागलेली पावले, फांदीला वेटोळे घालणारे शेपूट आणि शरीराहून लांब जाऊ शकणारी जीभ ही त्याची ओळख. जगात त्याच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये आहेत. भारतीय घोयरा महाराष्ट्रासह आपल्या द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आढळतो.

४/
ग्रीकांनी त्याला जे नाव दिले त्याचा अर्थ होतो 'भूमीवरचा सिंह'. इ.स.पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात त्याचे तपशीलवार वर्णन केले. दुभागलेली पावले, त्वचेने झाकलेले आणि मध्ये बारीक छिद्र असलेले डोळे, कासवासारखी मंद चाल, शरीर फुगवल्यावर होणारा रंगबदल हे सारे त्याने टिपले. शरीर चिरल्यानंतरही हा प्राणी बराच वेळ श्वास घेत राहतो, असेही त्याने लिहिले.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. निरीक्षण अचूक होते, पण ते सुरीखालच्या प्राण्याचे होते. मरणारा प्राणी आपली शरीररचना दाखवतो. आपला दिनक्रम दाखवत नाही.

५/
इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने आपल्या विश्वकोशाच्या आठव्या खंडात लिहिले, की अन्न आणि पाणी या दोन्हींवाचून केवळ हवेवर पोसला जाणारा हा एकमेव प्राणी होय. त्याच्या आधी कवी ओव्हिडनेही वारा आणि हवा खाणाऱ्या या जीवाचा उल्लेख केला होता. गमतीची गोष्ट अशी, की हाच प्लिनी घोयऱ्याच्या अवयवांच्या औषधी चमत्कारांच्या कथा सांगताना त्यांची थट्टा करतो. एका भाकडकथेला हसणारा माणूस दुसरी भाकडकथा निःशंकपणे नोंदवून गेला.

६/
ही समजूत इतकी टिकली कशी? तिच्या मुळाशी निव्वळ मूर्खपणा नव्हता. घोयरा थंड रक्ताचा आहे. त्याला ऊर्जा कमी लागते, त्यामुळे तो दीर्घकाळ उपाशी राहू शकतो. त्याची जीभ इतक्या वेगाने सुटते आणि परतते, की पाहणाऱ्याला माशी अचानक नाहीशी झाल्यासारखी वाटावी. भीती वाटली की तो छाती-पोट फुगवतो, तोंड उघडतो. पिंजऱ्यातला घोयरा लोक पाहत असताना खात नसे, मात्र फुगलेला दिसे. मग हवाच खात असणार, असा निष्कर्ष निघाला.

त्याचा पुढचा भाग मात्र दुःखद आहे. जो प्राणी उपाशी होता, तोच तो काही खात नसल्याचा पुरावा ठरला.

७/
ग्रंथाची प्रतिष्ठा मोठी असली, की चूक साहित्यातही रुजते. १५३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आन्द्रेआ आल्चियातोच्या बोधचित्रसंग्रहाच्या परंपरेत हवा गिळणारा घोयरा खुशामतखोरांचे प्रतीक बनला. शेक्सपिअरच्या हॅम्लेटलाही आपल्या काकाला टोमणा मारताना घोयऱ्याचे हवेचे जेवण आठवते, आणि प्रेक्षकांना तो टोमणा लगेच कळतो. समाजाच्या बोलण्यात मुरलेली समजूत एखाद्या माशीने खोटी पडत नाही.

८/
त्याच सुमारास, इ.स. १६०० च्या आसपास, मोगल दरबारातील चित्रकार उस्ताद मन्सूरने फांदी घट्ट धरून बसलेल्या घोयऱ्याचे चित्र रेखाटले. ते आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. पावलांची पकड, त्वचेवरचे बारीक दाणे, डोळ्याचा फुगीर गोल हे सारे पाहिले, की जिवंत प्राण्यासमोर बराच वेळ बसल्याशिवाय हे चित्र निघाले नसावे अशी खात्री पटते. १६१२ मध्ये गोव्याहून आणलेले दुर्मीळ पशुपक्षी पाहून जहांगीरने त्यांची चित्रे काढवून घेतल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. जिवंत प्राणी निरखण्याची ही एक वेगळी परंपरा होती, आणि ती आपल्या भूमीवर बहरली होती.

९/
युरोपातही नजर बदलू लागली होती. दक्षिण फ्रान्समधील विद्वान पेरेस्क यांनी उत्तर आफ्रिकेतून घोयरे मिळवून ते जिवंत ठेवले व त्यांचे निरीक्षण केले. इंग्लंडमध्ये वैद्य थॉमस ब्राउनने १६४६ मध्ये लोकभ्रमांवर एक ग्रंथच लिहिला आणि त्यातील एक प्रकरण घोयऱ्याला दिले. त्याचा युक्तिवाद सरळ होता. हवाच खायची असती तर निसर्गाने या प्राण्याला दात, जठर, आतडी आणि ती अजब जीभ कशासाठी दिली असती?

१०/
१६६९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वतीने क्लोद पेरो यांनी घोयऱ्याचे शरीररचनात्मक वर्णन प्रसिद्ध केले. हे पेरो वैद्य होते, लूव्र राजवाड्याच्या पूर्वेकडील दर्शनी भागाच्या रचनेत त्यांचा वाटा होता, आणि सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारे शार्ल पेरो हे त्यांचे धाकटे बंधू. अकादमीने हा घोयरा आधी जिवंतपणी पाहिला. तो माशा खातो हे दिसले. निरनिराळ्या रंगांच्या वस्तूंवर ठेवले तरी तो त्या त्या रंगाचा होत नाही, हेही दिसले. तो मेल्यावर त्याचे विच्छेदन झाले.

एकाच प्रबंधाने दोन जुन्या समजुतींना धक्का दिला : हवेच्या आहाराच्या आणि रंगाच्या हुबेहूब नकलेच्या.

११/
आता पुन्हा स्क्युदेरी यांच्या घरी जाऊ. त्यांनी सुरी हाती घेतली नाही. इजिप्तच्या उन्हात वाढलेला जीव पॅरिसच्या हिवाळ्यात कसा तगावा, ही त्यांची चिंता होती. त्याला ऊब देणे, त्याचे रंग दिवसेंदिवस पाहणे, तो कशाने शांत होतो आणि कशाने बिथरतो हे लक्षात ठेवणे, असा त्यांचा परिपाठ होता. त्यांपैकी एका घोयऱ्याने काही महिने तग धरला. पुढे १६८८ मध्ये 'दोन घोयऱ्यांची कथा' म्हणून त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला.

अकादमीतील पंडितांच्या मानाने त्यांची साधने तोकडी होती. तरीही 'हा प्राणी कसा बनला आहे' याऐवजी 'हा प्राणी आज बरा आहे का' असा प्रश्न त्यांनी विचारला. पाळणाऱ्याचा खरा प्रश्न हाच.

१२/
रंगाचे कोडे सुटायला आणखी वेळ लागला. १८३४ मध्ये फ्रान्समध्ये मिल्न-एडवर्ड्स यांनी आणि १८५२ मध्ये व्हिएन्नात ब्र्युके यांनी त्वचेतील रंगद्रव्यांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये जिनिव्हा येथील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की पँथर घोयऱ्याच्या त्वचेतील पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्या स्फटिकांतील अंतर बदलले, की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो आणि हिरवा नर पिवळा-नारिंगी दिसू लागतो.

१३/
नवशिक्याने यातून काय घ्यायचे? रंग हे करमणुकीचे साधन नसून त्या प्राण्याची भाषा आहे. थंडी वाजली की तो उष्णता शोषण्यासाठी काळवंडतो. प्रतिस्पर्धी दिसला की भडक होतो. सतत गडद राहणारा घोयरा बहुधा भेदरलेला किंवा आजारी असतो. पाहुण्यांना रंग दाखवण्यासाठी त्याला डिवचणे म्हणजे त्याला घाबरवून त्याची भीती पाहणे. म्हणूनच आजचा एक नियम असा, की त्याला एकटा ठेवावा, वारंवार हातात घेऊ नये, आणि पिंजऱ्यात आरसा किंवा दुसरा घोयरा असू नये.

१४/
हौसेने क्रौर्याचे रूप घेतले, तो प्रसंग अमेरिकेतला. १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथे जिवंत 'शॅमेलिऑन' दागिन्यासारखा मिरवण्याची लाट आली. गळ्याला बारीक साखळी, तिच्या दुसऱ्या टोकाला टाचणी, आणि तो जीव कपड्यावर टाचलेला! प्रत्यक्षात ते घोयरे नव्हतेच. अमेरिकेच्या दक्षिण भागातील ॲनोल जातीचे लहान हिरवे सरडे होते. ते साखरेच्या पाण्यावर जगतात, असा समज पसरलेला होता. प्राणिदया संस्थांनी विरोध केला आणि ती लाट ओसरली.

प्लिनीच्या काळी हवा होती, आता साखरपाणी आले. खऱ्या आहाराची चौकशी करण्याचे कष्ट दोन्ही वेळा टळले.

१५/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानाने प्राण्यांचा व्यापार सोपा केला. १९७२ मध्ये हवाई बेटांपैकी ओआहूवर एका प्राणिविक्रेत्याने केनियाहून तीन शिंगांचे जॅक्सन घोयरे मागवले. प्रवासाने ते इतके खंगले होते, की सावरण्यासाठी त्याने त्यांना आपल्या परसात सोडले. पुन्हा पकडू, असा त्याचा विचार होता. घोयरे सावरले आणि पसरले. आज ते त्या द्वीपसमूहातील अनेक बेटांवर आहेत आणि तेथील दुर्मीळ स्थानिक गोगलगायी व कीटक त्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. पाळीव प्राणी निसर्गात सोडून देणे ही त्याच्यावर केलेली कृपा नव्हे, हा नियम या परसात शिकला गेला.

१६/
१९७७ मध्ये घोयऱ्यांचा समावेश 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात झाला आणि त्यांच्या व्यापारावर परवान्याचे बंधन आले. तरी मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून रानात पकडलेले घोयरे हौशी लोकांपर्यंत पोहोचतच राहिले. १९९५ मध्ये मादागास्करमधील चार जाती वगळता इतरांचा व्यापार स्थगित झाला.

रानातून आलेले हे प्राणी बहुधा निर्जलीकरणाने आणि जंतांनी ग्रासलेले असत. 'घोयरा फार दिवस जगत नाही' ही समजूत याच काळात पक्की झाली. पुन्हा तेच घडले : आपल्या चुकीला प्राण्याचा स्वभाव ठरवले गेले.

१७/
पाण्याचा धडा याच मरणांतून मिळाला. पाण्याने भरलेली वाटी समोर असूनही घोयरा तहानेने मरू शकतो. स्थिर पाणी तो सहसा पाणी म्हणून ओळखत नाही; पानांवरचे दव आणि पावसाचे थेंब तो चाटतो. म्हणून पिंजऱ्यात झाडे हवीत, पानांवर तुषार फवारायला हवेत किंवा थेंब थेंब पाणी गळेल अशी सोय हवी. तो पाणी पीत नाही असे प्लिनीने लिहिले, त्यामागेही वाटीकडे पाठ फिरवून बसलेला एखादा घोयरा असू शकेल.

१८/
प्रकाशाचा धडा एका अनपेक्षित दाराने आला. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये मुडदूस झालेल्या मुलांवर डॉ. कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने उपचार केले आणि १९१९ मध्ये दाखवून दिले, की या किरणांनी हाडे पुन्हा बळकट होतात. पिंजऱ्यातल्या घोयऱ्याचेही तेच दुखणे होते. अतिनील किरणांवाचून शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडांत जात नाही, पाय वाकतात, जबडा मऊ पडतो आणि शेवटी जीभही नीट सुटत नाही. साध्या बल्बने ऊब मिळते, हे किरण मिळत नाहीत. खिडकीची काच तर ते अडवतेच.

१९/
२००९ मध्ये पँथर घोयऱ्यांवर प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचे निष्कर्ष चकित करणारे आहेत. आहारातून ड जीवनसत्त्व कमी मिळालेले घोयरे अतिनील प्रकाशात अधिक बसतात, आणि ज्यांना ते पुरेसे मिळाले ते कमी बसतात. आपल्याला काय हवे हे त्या जिवाला कळते. निवड करायला जागा देणे एवढेच पाळणाऱ्याच्या हाती असते. म्हणून पिंजऱ्यात एक उबदार, उजळ कोपरा हवा आणि एक थंड, पानांआडचा कोपराही हवा. रात्री दिवे बंद असावेत आणि तापमान उतरावे.

२०/
आज पाळल्या जाणाऱ्या घोयऱ्यांत येमेन व सौदी अरेबियाच्या पर्वतांतील शिरस्त्राणधारी घोयरा सर्वाधिक आढळतो. तो अनेक पिढ्या बंदिवासात वाढवला गेल्यामुळे नवशिक्यांना तोच सुचवला जातो. प्रौढासाठी साधारण ६० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद व १२० सेंमी उंच जाळीचा पिंजरा, चढायला फांद्या, कॅल्शियमची भुकटी लावलेले रातकिडे, आणि दिवसातून निदान दोनदा तुषार एवढी व्यवस्था किमान समजावी. मादी नराशिवायही अंडी घालते. तिला ओली वाळू-माती असलेले खोल भांडे मिळाले नाही, तर अंडी पोटात अडकून ती मरू शकते. अतिआहाराने अंड्यांची संख्या वाढते आणि तिचे आयुष्य घटते. येथे लाडाने भरवणेही घातक ठरते.

२१/
हे सारे पाळले तरी सहवास अल्पच. शिरस्त्राणधारी घोयरा चांगल्या देखभालीत साधारण पाच ते आठ वर्षे जगतो. मादागास्करमधील लाबोर्ड घोयरा तर अंड्यात आठ-नऊ महिने काढतो आणि बाहेर येऊन अवघे चार-पाच महिने जगतो. त्याच्या जीवनाचा मोठा भाग अंड्यातच सरतो. आणि घोयरा कुत्र्यासारखा जीव लावत नाही. तो आपल्याला सहन करतो. एवढे मान्य असेल तरच पुढचा विचार करावा.

२२/
आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. भारतीय घोयरा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. साइट्सच्या परिशिष्टांतील विदेशी प्राणी जवळ असल्यास २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची शासनाकडे नोंद करावी लागते. विक्रेता 'कागदपत्रे नंतर देतो' म्हणाला, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

आणि गावाकडे रस्ता ओलांडणारा घोयरा दिसला, तर त्याला मारू देऊ नका. तो विषारी असल्याची समजूत अनेक ठिकाणी आहे. ती निखालस खोटी आहे. त्याला रस्त्याच्या कडेच्या झुडपावर पोहोचू द्या.

२३/
या इतिहासात अज्ञानी माणसे फारशी नाहीत. ॲरिस्टॉटल अज्ञानी नव्हता, प्लिनीही नव्हता. चूक झाली ती समोरच्या प्राण्यापेक्षा हातातल्या ग्रंथावर अधिक विश्वास ठेवल्याने, आणि बंदिवासात झालेल्या अवस्थेलाच त्या प्राण्याचा स्वभाव मानल्याने. इतिहासाच्या अभ्यासकाला ही सूचना अन्यत्रही उपयोगी पडेल. कोणी 'अमुक लोक मुळातच असे असतात' असे लिहिले, की तो लेखक त्यांना कोणत्या पिंजऱ्यात पाहत होता, हे आधी विचारावे.

२४/
मन्सूरच्या चित्रातला घोयरा चारशे वर्षे ती फांदी धरून बसला आहे. खरा घोयरा मात्र आजही आपल्या माळरानावरच्या बाभळी-बोरींत हलत्या पानासारखा डुलत पुढे सरकतो आहे. पावसाळ्यात एखाद्या सकाळी तो दिसला, तर थोडे दूर उभे राहा आणि घाई करू नका. दोन हजार वर्षे थोरामोठ्यांच्या नजरेतून निसटलेली ती जीभ कदाचित तुमच्या डोळ्यांदेखत सुटेल. त्यासाठी पिंजऱ्याची गरज नाही.

(धागा समाप्त.)